तीन प्रती एकाच वेळी कशाने जातील?

गळीत हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो. उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, वजन नोंदलं जातं, ऊस गव्हाणीत उतरवून रिकामा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर येतो आणि दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या नावावर पडतो. पावती मिळाली की गाडीवाला निघून जातो. पुढे उसाचं बिल याच नोंदीवर निघतं. आता पावती छापली गेली आणि त्याच क्षणी लाईट गेली, तर नोंद सर्व्हरमध्ये उरली का? पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं आलेलं होतं. ते खरं होतं की नाही, हे शेवटी डिस्कवर ठरतं.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न कारखान्यांपुरता नाही. पतसंस्थांची खाती, रुग्णालयांतली सीटी स्कॅनची चित्रं, महाविद्यालयांचे निकाल, सगळंच सर्व्हरवर गेलं आहे. एका सर्व्हरवर भरवसा ठेवणं धोक्याचं म्हणून मध्यम आकाराच्या संस्थाही आता तीन सर्व्हरचा क्लस्टर उभा करू लागल्या आहेत. त्यासाठी ‘सेफ’ नावाची मुक्त प्रणाली बरीच वापरली जाते. सेज वाइल यांनी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीएचडीसाठी केलेल्या कामातून ती उभी राहिली. प्रॉक्समॉक्ससारख्या मोफत मिळणाऱ्या संचातही ती येते. तिची रीत सरळ आहे. प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती करायच्या आणि त्या तीन वेगवेगळ्या सर्व्हरच्या डिस्कवर ठेवायच्या. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी पुन्हा तयार होते.

इथूनच एक मोहात पाडणारा विचार सुरू होतो. तीन प्रती आहेतच, मग डिस्क स्वस्तातली घेतली तर काय बिघडलं? डिस्क एकेकट्या आणि वेगवेगळ्या दिवशी मरत असतील तर हा विचार बरोबर आहे. पण त्या तशाच मरतील याची खात्री कोण देणार? म्हणून क्लस्टरसाठी एसएसडी निवडताना ‘ही किती वेगवान आहे’ आणि ‘ही किती वर्षं टिकेल’ हे प्रश्न मी दुसऱ्या रांगेत बसवतो. पहिला प्रश्न असा: तिन्ही प्रती एकाच वेळी कशाने जातील?

त्याचं उत्तर शोधायला एसएसडीच्या पोटात थोडं डोकावावं लागेल. आत फिरणारं काही नसतं. चिपवरच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती ठेवलेली असते आणि वीज गेल्यावरही तो भार तिथे अडकून राहतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवला तर भाराच्या दोन पातळ्या ओळखल्या की झालं. तीन बिट ठेवले तर आठ पातळ्या लागतात, या प्रकाराला टीएलसी म्हणतात. चार बिट ठेवले तर सोळा, ती क्यूएलसी. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी जागा स्वस्त पडते आणि तितकीच वाचताना गफलत होण्याची शक्यता वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे लिहिणं एकेका पानावर होतं, पण पुसणं होतं ते शेकडो पानांच्या अख्ख्या गठ्ठ्याचं. पाटीवर ओळ हवी तेव्हा लिहा, पण पुसायची तर सगळी पाटीच पुसा, असा हा कायदा. त्यामुळे एक ओळ बदलायची झाली की डिस्क ती नव्या जागी लिहिते, जुनीवर फुली मारते आणि सवडीने कामाच्या ओळी गोळा करून जुना गठ्ठा पुसते. कुठली नोंद आता कुठे आहे याचा नकाशा तिला सतत बदलत ठेवावा लागतो. हा नकाशा आणि नुकत्याच आलेल्या नोंदी ती आपल्या छोट्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवते, आणि वीज गेली की ती स्मृती कोरी होते.

म्हणजे अचानक वीज जाण्यात दोन धोके आहेत. शेवटच्या काही नोंदी जातील, आणि नकाशा अर्धवट राहिला तर जुन्या, शांतपणे पडून असलेल्या नोंदीही सापडेनाशा होतील. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पाच कंपन्यांच्या १५ एसएसडींचा वीजपुरवठा मुद्दाम पुन्हापुन्हा तोडून पाहिला. १५ पैकी १३ डिस्कनी काही ना काही घोळ घातला. कुठे बिट बदलले, कुठे नोंद अर्धीच लिहिली गेली, कुठे अख्खी डिस्कच निकामी झाली.

तीन प्रती इथे मदतीला येत नाहीत, कारण तिन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर असतात आणि ते एकाच क्षणी अंधारात जातात. ‘यूपीएस आहे ना’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर थकतात, थकल्याचं कळतं तेही नेमकं गरजेच्या वेळी, आणि कुणीतरी चुकीचा स्विच खाली ओढणं ही तर नित्याचीच गोष्ट आहे. यूपीएस हवाच. जमल्यास दोन हवेत, आणि प्रत्येक सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायपैकी एकेक वेगळ्या यूपीएसवर हवा. पण शेवटचा बचाव डिस्कच्या आतच असला पाहिजे.

तो बचाव म्हणजे कपॅसिटर. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत छोट्या कपॅसिटरची रांग असते. वीज तुटली की त्यांतल्या साठ्यावर डिस्क काही क्षण जिवंत राहते आणि हातातल्या नोंदी व नकाशा चिपवर उतरवून मगच बंद होते. याला ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ म्हणतात आणि क्लस्टरसाठी डिस्क घेताना ज्यावर अजिबात तडजोड करू नये अशी ही एकच गोष्ट आहे. घरगुती संगणकाच्या डिस्कमध्ये ती बहुधा नसते. काही घरगुती डिस्कच्या जाहिरातीत वीज गेल्यावर ‘आधी साठवलेली’ माहिती सुरक्षित राहते असं लिहिलेलं असतं. त्यात नुकत्याच आलेल्या नोंदी धरलेल्या नसतात, तेव्हा ते वाक्य नीट वाचावं.

गंमत अशी की याच कपॅसिटरमुळे डिस्क वेगवानही होते. ‘सेफ’ असो की डेटाबेस, महत्त्वाची नोंद लिहिल्यावर ते डिस्ककडे पक्की पोच मागतात. कपॅसिटर नसलेल्या डिस्कपुढे दोनच वाटा असतात. प्रत्येक नोंद खरोखर चिपवर उतरेपर्यंत थांबवून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला काही शे ते फार तर दोनेक हजार नोंदी. नाहीतर खोटी पोच द्यायची. कपॅसिटर असलेल्या डिस्कची तात्पुरती स्मृतीच सुरक्षित असल्याने नोंद तिथे पोहोचताच ती खरी पोच देऊ शकते आणि सेकंदाला दहा-दहा हजारांच्या पटीत नोंदी घेते. खोक्यावर सात हजार मेगाबाइटचा वेग छापलेली, रंगीत दिवे लावलेली गेमिंगची डिस्क क्लस्टरमध्ये घातल्यावर रांगू लागते, त्याचं कारण हेच. शिवाय तीन सर्व्हरमधली जोडणी १० गिगाबिटची असेल तर तिच्यातून सेकंदाला साधारण सव्वा गिगाबाइटच जातं. साध्या साटा जोडणीच्या दोन-तीन डिस्कच ती भरून टाकतात. म्हणून मध्यम संस्थेने खोक्यावरच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

तिन्ही प्रती एकदम घालवणारं दुसरं कारण फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आत चालणारा कार्यक्रम. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना तातडीची सूचना पाठवली. तिच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार होत्या, आणि आतली माहितीही परत मिळणार नव्हती. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. तास मोजणारा आकडा तिथे पोहोचला की कार्यक्रम कोलमडत होता. हिशोब करा, ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. मार्च २०२० मध्ये अशीच दुसरी सूचना आली, या वेळी ४०,००० तासांची. दोन्हींवर उपाय होता, फर्मवेअर वेळेत बदलणं. पण ज्याने तीन सर्व्हर एकाच दिवशी, एकाच जातीच्या डिस्क घालून सुरू केले, त्याच्या सगळ्या डिस्कचं घड्याळ एकाच तासाला तिथे पोहोचणार होतं. जुलै २०२२ मध्ये ‘हॅकर न्यूज’ हे संकेतस्थळ बंद पडलं ते असंच. आधी मुख्य सर्व्हरच्या डिस्क गेल्या आणि काही तासांत राखीव सर्व्हरच्याही. चालकांना संशय आला तो याच ४०,००० तासांच्या दोषाचा.

मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क घ्याव्यात का? घ्याव्यात, पण त्या कुठे बसवायच्या हे महत्त्वाचं आहे. अनेक जण प्रत्येक सर्व्हरमध्ये थोड्या या कंपनीच्या, थोड्या त्या कंपनीच्या अशी सरमिसळ करतात. हे चुकीचं आहे. एका कंपनीच्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी गेल्या, तर ज्या नोंदींच्या तिन्ही प्रती नेमक्या त्याच कंपनीच्या डिस्कवर पडल्या होत्या त्या कायमच्या गेल्या. प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर जातात, म्हणून कंपनीही सर्व्हरनुसार बदलावी. पहिल्यात एकीच्या, दुसऱ्यात दुसरीच्या, तिसऱ्यात तिसरीच्या. मग एक कंपनी पूर्ण कोसळली तरी एकच सर्व्हर जातो आणि प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती उरतात. मात्र तिन्ही डिस्क एकाच तोलाच्या हव्यात, कारण नोंद पक्की व्हायला तिन्ही प्रतींची पोच लागते आणि सगळ्यांचा वेग सर्वांत मंद डिस्कवर येऊन थांबतो. मोठ्या कंपनीचे सर्व्हर तिच्याच डिस्कसकट घेतले तर अशी निवड करता येत नाही. तिथे निदान वेगवेगळ्या खेपेच्या डिस्क मागाव्यात, सर्व्हर काही आठवड्यांच्या अंतराने सुरू करावेत आणि फर्मवेअरच्या सूचना कोण वाचणार हे नाव घेऊन ठरवावं.

आता टिकाऊपणाकडे. दुकानदार सगळ्यात आधी हाच आकडा पुढे करतो. डिस्कच्या माहितीपत्रकात ‘डीडब्ल्यूपीडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे वॉरंटीच्या काळात रोज किती वेळा अख्खी डिस्क भरून लिहिता येईल. १.९२ टेराबाइटची, एक डीडब्ल्यूपीडीची, पाच वर्षांच्या वॉरंटीची डिस्क म्हणजे एकूण ३,५०४ टेराबाइट लिखाण. समजा, तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात अशा चार डिस्क, आणि संस्था रोज २०० गिगाबाइट नवी माहिती लिहिते. जिल्ह्यातल्या बऱ्याच संस्थांना एवढी लागणारही नाही. तीन प्रतींचे झाले ६०० गिगाबाइट. ‘सेफ’ स्वतःच्या नोंदवह्याही लिहितो, म्हणून दुप्पट धरू, झाले १,२००. बारा डिस्कमध्ये वाटल्यावर प्रत्येकीवर रोज १०० गिगाबाइट. त्या हिशोबाने ३,५०४ टेराबाइट संपायला ९६ वर्षं लागतील! दोन टेराबाइटच्या चांगल्या घरगुती डिस्कवर १,२०० टेराबाइटची हमी असते. तीही कागदावर ३३ वर्षं पुरेल. कपॅसिटर नसलेल्या डिस्कला प्रत्येक बारीक नोंदीसाठी अर्धवट पान चिपवर उतरवावं लागतं आणि तिची आतली झीज या हिशोबापेक्षा बरीच जास्त होते, हे खरं. तरीही तीन डीडब्ल्यूपीडीच्या महाग डिस्क घेण्याची गरज फार थोड्यांना असते. त्यांचा ऐवजही बहुतेक वेळा तोच असतो. १.६ आणि १.९२ टेराबाइटच्या दोन डिस्कमध्ये सहसा चिप तेवढ्याच असतात, पहिलीत राखीव जागा जास्त ठेवलेली असते, इतकंच.

झिजेला इतकं घाबरू नये याला दुसराही आधार आहे. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गुगलच्या राघव लागिसेट्टी आणि आरिफ मर्चंट यांच्यासोबत गुगलच्या डेटा सेंटरमधल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा बदलाव्या लागतात, पण पहिल्या चार वर्षांत २० ते ६३ टक्के एसएसडींवर निदान एकदा तरी दुरुस्त न होणारी चूक आढळली. किती लिहिलं यापेक्षा डिस्कचं वय चुकांशी जास्त जुळत होतं. महागड्या एक-बिटी चिपही रोजच्या वापरात जास्त भरवशाच्या निघाल्या नाहीत. यातून क्लस्टरवाल्याने घ्यायचं ते इतकंच की चांगली डिस्कसुद्धा अधूनमधून एखादी नोंद गमावणार. ‘सेफ’ प्रत्येक तुकड्याची पडताळणी बेरीज ठेवतो आणि आठवड्यातून एकदा सगळ्या प्रती खोलवर तपासून बिघडलेली प्रत दाखवून देतो; मग ती चांगलीवरून दुरुस्त करता येते. रात्री क्लस्टर मंद होतो म्हणून ही तपासणी बंद करून ठेवणारे पाहिले की मला भीती वाटते.

जागेचा हिशोब मात्र नेहमी चुकतो. वरच्या बारा डिस्कची बेरीज २३.०४ टेराबाइट. तीन प्रतींमुळे वापरायला ७.६८. ‘सेफ’ ८५ टक्क्यांवर इशारा देतो आणि ९५ टक्क्यांवर लिखाण थांबवतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण सर्व्हर तीनच आणि प्रतीही तीन, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर सगळ्या माहितीची एक पूर्ण प्रत आहे. त्यातली एक डिस्क गेली की तिचा भार त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कना उचलावा लागतो. तीन डिस्कचे ५.७६ टेराबाइट, त्याचे ८५ टक्के म्हणजे ४.९. तेवढीच माहिती या क्लस्टरवर निर्धास्तपणे ठेवता येते. अख्खा सर्व्हर गेला तर तिसरी प्रत ठेवायला जागाच नसते आणि तो दुरुस्त होईपर्यंत दोन प्रतींवर दिवस काढावे लागतात. ऐपत असेल तर चौथा सर्व्हर घ्यावा. चार मोठ्या डिस्कपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

डिस्क गेल्यावर प्रती पुन्हा बनवण्याचा जो काळ असतो, त्यात स्वस्त डिस्क दुसऱ्यांदा दगा देते. घरगुती डिस्क आपल्या काही जागेत एक-बिटी पद्धतीने झपाट्याने लिहिते आणि नंतर निवांत वेळी ते आवरते. ही जागा भरली की वेग घसरतो, आणि क्यूएलसी डिस्क तर कधीकधी हार्ड डिस्कच्याही मागे पडते. तासन् तास सलग लिहावं लागतं ते नेमकं या पुनर्बांधणीत. ती लांबली की दुसरी डिस्क जाण्याची खिडकी तेवढीच मोठी होते.

उष्णतेबद्दल थोडक्यात. धाराशिवला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लाईट गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, पण एसी बहुधा त्यावर नसतो, आणि बंद खोली काही मिनिटांत तापते. डिस्क तापली की स्वतःहून वेग कमी करते. एसीला जनरेटरवर घ्या, ते जमत नसेल तर खोली तापताच सर्व्हर नीट बंद होतील अशी सोय करा. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जेडेक या उद्योगसंस्थेच्या निकषानुसार घरगुती डिस्कने आयुष्य पुरं झाल्यावर, वीज नसताना, ३० अंशांवर एक वर्ष माहिती धरून ठेवायची असते. सर्व्हरच्या डिस्कने ४० अंशांवर फक्त तीन महिने. सर्व्हरची डिस्क सतत चालू राहील असं गृहीत धरून हे ठरवलं आहे. तेव्हा वापरून जुनी झालेली एसएसडी बॅकअप म्हणून कपाटात ठेवू नये.

खरेदीत खरी फसगत कागदावरच होते. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर किंवा निविदेत ‘एसएसडी, २ टीबी’ एवढंच लिहिलं तर सर्वांत कमी दराचा पुरवठादार सर्वांत स्वस्त घरगुती डिस्क देईल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. निविदेत लिहावं: डेटा सेंटर वर्गाची डिस्क, टीएलसी चिप, कपॅसिटरवर आधारित पॉवर लॉस प्रोटेक्शन, निदान एक डीडब्ल्यूपीडी, पाच वर्षांची वॉरंटी, नेमका मॉडेल क्रमांक, आणि चालू तास शून्याजवळ. सॅमसंगची पीएम८९३, मायक्रॉनची ५४०० प्रो, सॉलिडाइमची डी३-एस४५२०, किंग्स्टनची डीसी६००एम या सगळ्या अशा वर्गात बसतात. मॉडेल क्रमांकाचा आग्रह धरण्याचं कारण असं की घरगुती डिस्कमध्ये नाव तेच ठेवून आतल्या चिप बदलल्याची उदाहरणं आहेत. २०२१ मध्ये क्रुशियल पी२ ही टीएलसीची डिस्क क्यूएलसीची झाल्याचं उघड झालं. पतसंस्था किंवा रुग्णालय असाल तर बिघडलेली डिस्क परत न देता बदली मिळण्याची अट घाला आणि पहिल्या दिवसापासून डिस्कवरची माहिती कूटबद्ध ठेवा. मेलेल्या डिस्कवरून माहिती पुसता येत नाही. आणि प्रत्येक मॉडेलची एक जादा डिस्क जागेवर असू द्या, कारण पुण्याहून किंवा हैदराबादहून ती येईपर्यंतचे दिवस दोन प्रतींवर काढायचे असतात.

माल आल्यावर थेट रॅकमध्ये घालू नका. आधी चालू तास पाहा. वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली जाते. मग ‘एफआयओ’ या मोफत साधनाने एका वेळी एकच, चार किलोबाइटची, दरवेळी पक्की पोच मागणारी नोंद लिहायला लावा आणि तासभर चालू ठेवा. आकडा काही शेंवर अडकला तर डिस्क परत करा. शेवटी क्लस्टर रिकामा असतानाच, लिखाण चालू ठेवून तिन्ही सर्व्हरची वीज एकदम तोडा आणि दुसऱ्या संगणकावर ठेवलेल्या पोचांशी नोंदी जुळवून पाहा. पुरवठादार कुरकुर करील. करू द्या.

एवढं करूनही तिन्ही प्रती एकाच खोलीत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूरच्या किल्लारीबरोबर आपल्या लोहारा तालुक्यातलं सास्तूरही उद्ध्वस्त केलं, तेव्हा घरं गेली तशी गावांची दप्तरंही ढिगाऱ्याखाली गेली. क्लस्टर म्हणजे बॅकअप नाही. कुणी चुकून खातं पुसलं तर ते तिन्ही प्रतींतून एकदमच पुसलं जातं. रोजची एक प्रत जिल्ह्याबाहेर गेली पाहिजे, आणि ती साध्या हार्ड डिस्कवर असली तरी चालेल.

कोटेशन मागवण्याआधी एक काम करा. सध्याच्या सर्व्हरवर रोज किती गिगाबाइट लिहिलं जातं तो आकडा आठवडाभर टिपून ठेवा; हंगाम किंवा मार्चअखेर असेल तर तो आठवडा निवडा. डिस्क स्वतःबद्दल ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांतून तो फुकट मिळतो. तो हातात आला की टिकाऊपणाच्या नावाखाली जास्तीचे पैसे कुठे लावले जात आहेत ते दिसेल, आणि वाचलेल्या पैशांत कपॅसिटरवाल्या डिस्क बसतात का ते पाहता येईल.